तीस घरांची सरासरी

१

सकाळी साडेदहाला मी नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात पोचले. जी एक फाईल बघायला मला पाठवलं होतं, ती सोडून बाकी सगळं माझ्यापुढे मांडून ठेवलं होतं. चहा होता, बिस्किटं होती, पुसलेली खुर्ची होती आणि हात चोळत उभा असलेला हेडक्लार्क होता. फाईल नव्हती.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घर बांधायचं तर परवानगी लागते, परवानगीला फी लागते, आणि फी ठरते घराच्या खर्चावर. पण आपल्या घराला खरंच किती खर्च आला हे कोणी सांगत नाही. म्हणून पालिका दरवर्षी गावात नुकतीच बांधून झालेली तीस घरं निवडते. मोजणीदार प्रत्येक घरी जाऊन पाया, भिंती, दारं, नळ यांचा खर्च एकेका पिवळ्या फॉर्मवर लिहून आणतो. त्यातून चौरस मीटरमागे सरासरी खर्च काढतात, आणि पुढे वर्षभर प्रत्येकाला तीच सरासरी लावून फी घेतात. कल्पना वाईट नाही. राबवणारी माणसं कशी असतात ते पुढे येईलच.

या वर्षी ती सरासरी एकदम दीडपट झाली होती. महिनाभर तात्पुरती लागूही झाली होती, आणि आज दुपारी चारला समिती तिच्यावर शिक्कामोर्तब करणार होती. मी वरच्या कार्यालयातली तपासणी अधिकारी. ते तीस पिवळे फॉर्म बघायचे, एवढंच माझं काम.

हेडक्लार्कने रजिस्टर पुढे सरकवलं. "कालच नेली फाईल. ही सही. परत केल्याची सही नाही," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे त्याने हनुवटीने खूण केली. चोर दाखवताना बोट वापरायचीही त्याची तयारी नव्हती.

कोपऱ्यात नकाशे काढणारी मुलगी बसली होती. सगळे तिला नकाशेवाली म्हणत. दोन वर्षं ती तात्पुरत्या नेमणुकीवर होती, आणि सहा दिवसांनी कायम होणार होती. तिच्या निलंबनाचा आदेश टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर पोचलासुद्धा होता. फाईल शोधायला या विभागात कोणी खुर्चीवरून उठलं नव्हतं, पण आदेश मात्र वीस मिनिटांत तयार झाला होता.

२

साहेब म्हणजे मुख्य अभियंता. काचेची केबिन, टेबलावर सात पेपरवेट, आणि दाबायला कागद एकच, तो निलंबनाचा. त्यांनी मला बसवून घेतलं आणि तरुण पिढीच्या बेजबाबदारपणावर दहा मिनिटं भाषण दिलं. फाईल कुणाला कशाला हवी असेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, तिने हरवलीच असणार, चोरायला काय सोनं होतं त्यात? समितीला सरासरीचा गोषवारा आधीच गेलाय, तेव्हा बैठक अडायचं कारण नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

केबिनच्या सोफ्यावर एक कंत्राटदार तंगड्या पसरून बसला होता. पाहुणा म्हणावा तर सोफ्यात त्याच्या आकाराचा खड्डा पडला होता. त्याने स्वतःहून ओळख करून दिली, "हे माझे दाजी." म्हणजे साहेबांचा मेहुणा. गावातली निम्मी घरं आपणच बांधली, असं तो कुणी हिशेब न विचारता सांगत होता.

मोजणीदार बाहेर भेटला. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, गुडघे गेलेले, आणि चेहऱ्यावर तीस वर्षं कुणीही काही न विचारल्याचं समाधान. फाईल गेल्याचं त्याला दुःखही नव्हतं आणि भीतीही नव्हती. "तुम्ही लोक बेरीज तपासायला येता ना? बेरीज गोषवाऱ्यात आहे की," तो मला समजावू लागला.

बाहेर खिडकीसमोर रांग होती. रांगेत सगळ्यात पुढे एक प्लंबर सकाळी नऊपासून उभा होता. त्याला स्वतःच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. नव्या सरासरीने आलेल्या फीचा कागद त्याने माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, एवढ्यात माझं छप्पर होतं. साहेबांच्या घरून त्याला सकाळपासून दोनदा फोन आला होता, काहीतरी तुंबलं होतं म्हणे. पण जागा सोडली तर नंबर जाईल, म्हणून तो हलत नव्हता.

दुपारी साहेबांनी मला घरी जेवायला नेलं. मी अशा जेवणांना नेहमी जाते. माणूस ऑफिसात खोटं बोलतो, पण घर दाखवायची हौस त्याला आवरत नाही. हिरव्या दगडाची फरशी होती, तिच्यावर चालताना साहेब खाली बघून चालत, म्हणजे मीही बघावं. एकोणीस पायऱ्या चढून वर बैठकीची खोली. पायऱ्या मोजायची मला जुनी खोड आहे. स्वयंपाकघर वहिनींनी स्वतः दाखवलं: भाजीसाठी एक सिंक, भांड्यांसाठी एक आणि पाहुण्यांच्या भांड्यांसाठी वेगळं एक. "तीन सिंक गावात कुणाकडे नाहीत," असं म्हणून झाल्यावर त्या जरा ओशाळल्या, कारण त्यांतलं एक काल संध्याकाळपासून तुंबलं होतं. स्वयंपाक सगळा विजेच्या शेगडीवर. घरात ज्योतच नको, काडेपेटीसुद्धा ठेवत नाही आम्ही, असं साहेब अभिमानाने म्हणाले.

जेवण चांगलं होतं. मी पोटभर जेवले आणि काहीही लक्षात न येता परत आले. माझ्याबद्दलचं मतही मी लपवत नाही.

३

परत आल्यावर नकाशेवालीला मी गच्चीच्या जिन्यात गाठलं. ती डबा न उघडता मांडीवर घेऊन बसली होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. सरासरीचा आलेख काढायचा म्हणून तिने काल फाईल नेली. पाचच्या सुमाराला परत द्यायला गेली तर हेडक्लार्क जागेवर नव्हता, म्हणून त्याच्या टेबलावर ठेवली. तो कुठे होता हे तिला माहीत नव्हतं. मला अर्ध्या तासात कळलं, कारण मी शिपायाला विचारलं. हेडक्लार्क रोज चारला घरी जातो आणि रजिस्टरमध्ये सहा लिहितो. तिने फाईल ठेवली नाही, असं तो छातीठोकपणे सांगत होता. त्या वेळी तो घरी पाय पसरून पडला होता. एका मुलीची नोकरी गेली तरी चालेल, पण आपले दोन तास उघडे पडायला नकोत, एवढाच त्याचा विचार.

"फाईलमध्ये काही खटकलं का तुला?" मी विचारलं.

ती म्हणाली, "खटकलं असं नाही मॅडम. पण मी नकाशे काढते ना, त्यामुळे नजर जाते. त्यातली अकरा घरं बैठी आहेत, एकमजली. पण फॉर्मवर त्यांनाही आतला जिना लिहिलाय. पायऱ्यांसकट."

"हे कुणाला बोललीस?"

"साहेबांना. काल साडेचारला, आलेख दाखवायला गेले तेव्हा. त्यांनी फाईल मागून घेतली, पाचदहा मिनिटं वाचली आणि परत दिली. म्हणाले, तुझं काम नकाशाचं, जिन्याचं नाही."

"आणखी कुणाला?"

"नाही. ओरडा खाल्ल्यावर कुणाला बोलणार?"

मग तिने मला एकच प्रश्न विचारला. फाईल हरवली म्हणून काढलेल्या मुलीला दुसरं कुठलं ऑफिस नकाशे काढायला ठेवेल का? घरी आई होती आणि भाड्याची खोली होती, हे तिने नंतर सांगितलं, तेही मी विचारल्यावर. ठेवणार नाही, हे मला माहीत होतं. मी तिला डबा खायला सांगितलं. त्याहून शहाणं काही मला सुचलं नाही आणि त्याची मला लाज वाटली.

४

गोषवाऱ्यात तीसही पत्ते होते. नकाशेवालीने दाखवलेल्या अकरा बैठ्या घरांपैकी एक घर दोन गल्ल्या सोडून होतं. मी मोजणीदाराला बरोबर घेतलं. जाताना तो गुडघ्यांबद्दल इतका बोलला की मला त्याच्या मनाची अवस्था कळून चुकली.

घर एका शिंप्याचं होतं. पुढे शिलाईचं मशीन, मागे खोली, वर पत्रा. जिना सोडा, उंबऱ्याची पायरीसुद्धा निखळली होती. हे गृहस्थ तुमच्या घराची मोजणी करायला आले होते का, असं मी विचारलं. शिंप्याने मोजणीदाराला चष्म्यावरून नीट न्याहाळलं आणि आपण या माणसाला जन्मात बघितलं नाही, असं सांगून मशीन पुन्हा सुरू केलं.

मोजणीदार तिथल्याच बाकावर बसला आणि पाच मिनिटांत सगळं ओकला. तीस घरं, हे गुडघे, कोण फिरणार? त्याने कंत्राटदाराकडे जाऊन, एखाद्या घराची खरी बिलं दे, अशी विनवणी केली. कंत्राटदाराने त्याला कटवण्यासाठी कपाटातला वरचा गठ्ठा फेकला. वर नाव नव्हतं, पत्ता नव्हता, नुसती बिलं. मोजणीदाराने त्या एका घराचे तीस फॉर्म केले. चौरस मीटर प्रत्येकाचे वेगळे लिहिले, आकडे थोडे इकडेतिकडे केले, बाकी मजकूर उतरवून काढला. शिंप्याच्या पत्र्याखाली जिना आला तो असा.

"बिलांमध्ये काय काय होतं, आठवतं?"

"तीस वेळा लिहिलंय मॅडम, झोपेतही सांगेन. हिरवा दगड. जिना एकोणीस पायऱ्यांचा. स्वयंपाकघरात तीन सिंक."

मी शिंप्याच्या दारात उभी राहून हसले. शिंप्याला वाटलं मी त्याच्या घराला हसतेय, म्हणून त्याची माफी मागावी लागली.

परत आलो तेव्हा तीन वाजले होते. नकाशेवालीच्या टेबलावरच्या पेन्सिली गेल्या होत्या. खण उघडा होता आणि ती त्यातलं सामान पिशवीत भरत होती. साहेबांनी चारची वाटही बघितली नव्हती. आदेशावर सही झाली होती आणि एक प्रत तिच्या हातात होती.

५

तिला मी जागेवरून उठू नकोस म्हणून सांगितलं आणि रांगेकडे गेले. प्लंबरपुढे आता दोनच माणसं होती, म्हणजे सकाळपेक्षा दोन जास्त. मधल्या वेळात ओळखीचे लोक घुसले होते. साहेबांच्या घरून बोलावलंय तर जाऊन या, जे काही निघेल ते फेकू नका, बादलीत घालून थेट समितीच्या खोलीत आणा, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, आणि माझा नंबर? मी हेडक्लार्कला बोलावलं आणि त्याच्या जागी रांगेत उभं केलं. तो कुरकुरला. मग मी त्याला संध्याकाळचे चार ते सहा या वेळेबद्दल एक साधा प्रश्न विचारला. तो सरळ उभा राहिला.

चारला समिती बसली. समिती म्हणजे पाच माणसं आणि अध्यक्ष. त्यांतल्या चौघांनी गोषवारा उलटा धरला होता की सुलटा, याने काही बिघडणार नव्हतं. साहेब उजवीकडे, त्यांच्यामागे मेहुणा. मोजणीदार भिंतीला टेकलेला. नकाशेवालीला मी दारापाशी उभं केलं.

मी अध्यक्षांना म्हणाले, फाईल कोणी नेली हे फाईल कशासाठी नेली यावरून कळतं. सरासरी वाढवायची म्हणून कोणी नेली नाही, ती आधीच वाढली होती. कमी करायची म्हणूनही नाही, कारण गोषवारा तुमच्या हातात सहीसलामत आहे. म्हणजे चोराला आकड्यांची भीती नव्हती. फॉर्मवर जे होतं आणि गोषवाऱ्यात नव्हतं, त्याची होती. फॉर्मवर घराचं वर्णन होतं.

मोजणीदाराने खोटे फॉर्म केले, हे मी सांगितलं. खोलीत कुणालाही धक्का बसला नाही. अध्यक्षांनी फक्त विचारलं, मग त्यानेच नेली असेल ना? मी म्हणाले, फाईल दोन महिने त्याच्याच ताब्यात होती, नाहीशी करायची तर तेव्हाच केली असती. आणि जिन्याची शंका काल एकाच माणसाला कळली. हेडक्लार्क चारलाच पसार होता. कंत्राटदाराला आपण कुठला गठ्ठा फेकला हे आजही माहीत नाही. कळली ती साहेबांना. त्यांनी तीसही फॉर्मवर सह्या केल्या होत्या, पण सही करताना वाचायची त्यांना सवय नाही. काल पहिल्यांदा वाचलं, आणि त्यांना तीसही फॉर्मवर स्वतःचं घर दिसलं. त्यांनी पाचपर्यंत वाट बघितली आणि हेडक्लार्कच्या टेबलावरून फाईल उचलली.

साहेब म्हणाले, हा शुद्ध कल्पनाविलास आहे.

"ठीक आहे. मग एवढंच सांगा," मी म्हणाले, "ही सरासरी खरी की खोटी?"

हा प्रश्न साधा दिसत होता, पण साहेब अभियंता असल्यामुळे त्यांना भार कुठे येतोय ते कळलं. त्यांच्या मालमत्तेचं विवरण आमच्या कार्यालयात असतं. आपलं घर या सरासरीच्या निम्म्याहून कमी खर्चात झालं, असं त्यांनी त्यात लिहून दिलं होतं. सरासरी खरी म्हटली, तर शिंप्याच्या पत्र्यापेक्षा हिरव्या दगडाचं घर स्वस्त कसं झालं, हे सांगावं लागणार. खोटी म्हटली, तर ती तपासून, सही करून, गावाच्या गळ्यात त्यांनीच बांधली होती. ते पाण्याचा ग्लास शोधू लागले.

मेहुण्याने त्यांना शोधूही दिलं नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, मला यात ओढू नका. तुमच्या घराच्या बिलांच्या प्रती माझ्याकडे आहेत, मॅडमना हव्या तर आत्ता आणून देतो." साहेबांच्या सोफ्यावर काढलेल्या वर्षांचा हिशेब त्याने एका वाक्यात मिटवला.

साहेब तरीही म्हणाले, फाईल मी नेली याला पुरावा काय?

तेवढ्यात प्लंबर बादली घेऊन आत आला. त्याने ती समितीच्या टेबलावर, गोषवाऱ्यांच्या मधोमध ठेवली. आत पिवळा लगदा होता. अभियंता झालेल्या माणसाने तीस चारपानी फॉर्मांचे एकशे वीस कागद फाडून सिंकमध्ये सोडले होते आणि वर नळ उघडला होता. जाळायला घरात काडी नव्हती, आणि कचऱ्यात टाकले तर तो गोळा करणारी माणसं पालिकेचीच. वरचे तुकडे अजून वाचता येत होते. मोजणीदाराने बॉलपेन वापरलं होतं, आयुष्यात केलेलं तेवढंच एक टिकाऊ काम. एका तुकड्यावर 'पायऱ्या १९' असं होतं. अध्यक्षांनी तो चष्मा लावून वाचला आणि शेजाऱ्याकडे दिला.

६

पुढचं लवकर झालं. स्वतःवर शेकणार असं दिसलं की समित्या फार चपळ होतात. नवी सरासरी रद्द झाली, जुनी चालू राहिली, जास्तीची घेतलेली फी परत करायचं ठरलं, आणि साहेबांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगण्यात आलं. मोजणीदाराची चौकशी वेगळी. प्लंबरने विचारलं, माझं काय? अध्यक्ष म्हणाले, अर्ज करा. तो बादली तिथेच ठेवून निघून गेला.

सगळे उठायला लागले. नकाशेवाली दारापाशीच उभी होती. तिच्या हातात निलंबनाची प्रत होती, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. अध्यक्ष जाता जाता म्हणाले, ते प्रकरण आपोआप मिटेल. मी सत्तावीस वर्षांत आपोआप मिटलेलं एकही प्रकरण बघितलेलं नाही. कागद फायलीत राहतो, आणि दहा वर्षांनी बढतीच्या वेळी कोणीतरी तो काढून विचारतो की हे काय.

नियम असा, की ज्याने आदेश काढला त्यानेच तो रद्द करायचा. साहेबांचा कार्यभार काढून घेतल्याचं पत्र अजून टाइप व्हायचं होतं. मी त्यांना परत खुर्चीत बसवलं आणि रद्द करण्याचा फॉर्म पुढे ठेवला. त्यांनी मुकाट्याने तिचं पद लिहिलं, आदेशाचा क्रमांक लिहिला, आणि कारणाच्या रकान्यापाशी थांबले.

"कारण काय लिहू?" त्यांनी मला विचारलं.

नकाशेवाली टेबलापाशी आली.

साहेबांनीच सुचवलं, 'प्रशासकीय कारणास्तव' लिहितो, तसंच लिहितात.

"नको सर," ती म्हणाली. "लिहा, फाईल मी परत केली होती. आणि ती तुम्ही नेली. रकाना मोठा आहे, मावेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. मेहुणा केव्हाच गेला होता. साहेबांनी लिहायला सुरुवात केली. दोन वर्षं या मुलीला त्यांनी नावानेसुद्धा हाक मारली नव्हती, आणि आता ती त्यांच्या खांद्यावरून एकेक शब्द वाचत होती.

सही झाल्यावर तिने कागद हातात घेऊन पहिल्यापासून वाचला. तारीख राहिली होती, ती घालून घेतली. मग ती कोपऱ्यात गेली आणि पिशवीतल्या पेन्सिली काढून टेबलावर ठेवू लागली.